तांब्याचा आकडा

५ मार्च ७९, आंधळगाव
बारावीची प्रात्यक्षिकं सुरू. परीक्षक नागपूरचे. शांत माणूस, चहा बिनसाखरेचा.
कुंदाला तोंडीत एकच प्रश्न. तांब्याची विशिष्ट उष्णता कॅलरीच्या मापात ०.०९, तर ब्रिटिश मापात किती? ती म्हणाली, तेवढीच. शून्य दिलं. एकक बदललं की आकडा बदललाच पाहिजे, म्हणे.
शून्य राहिलं तर प्रात्यक्षिकात नापास. वडील नाकाडोंगरीला खाणीत, ही इथे मामाकडे राहून शिकते. नापास झाली तर शिक्षण बंद, हे मामानं आधीच बजावलंय.
उत्तर बरोबर आहे.

६ मार्च
सकाळी परीक्षकांना गाठलं. म्हणाले, "सर, तुमचं पाणवठ्यावरचं भाषण मी तुमसरला ऐकलंय. इथं नको."
बरं. प्रयोगशाळेतल्या फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला एक कॅलरी. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला एक बी.टी.यू., म्हणजे ब्रिटिश माप. दोन्हीकडे पाणी एक, म्हणून तांबं दोन्हीकडे ०.०९. ज्यूल-किलोग्रॅममध्ये आकडा बदलतो, ३७८ होतो, कारण तिथे पाणीच ४२००.
परीक्षकांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग, "गुण शाईनं भरलेत."
पाण्यावर मी तासभर बोलू शकतो. कुणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत... बोललो नाही. टेबलावर हात मात्र आपटला. नको होता.
संध्याकाळी कुंदा घरी आली. "सर जी, दुसरा आकडा सांगतला असता त पास झाली असती ना?"
हो म्हणालो.
"मामा म्हणते, सांगाले काय जात होतं." मग, "पन तो बदलतच नाही जी."

७ मार्च
प्रात्यक्षिकं संपली. परीक्षकांनी प्रयोगशाळेचं दार लावून गुणपत्रक पाकिटात घातलं, लाख लावली. मी व्हरांड्यात. फळा पुसू नको, असं शिपायाला कालच सांगितलं होतं.
स्टँडवर सोडायला गेलो. धानाच्या भावावर बोललो. बस आली. पायरीवरून मागे वळून त्यांनी विचारलं, "लोखंडाचंही तसंच?"
"तसंच."
"आणि पाऱ्याचं?"
"पाऱ्याचंही."
बस सुटली. पाकीट त्यांच्या बगलेत.
परत येताना वाटेत कुंदा उभी. काय म्हणाले, तिनं विचारलं.
लोखंडाचं विचारत होते, म्हटलं.