शून्याने सुरू होणारी वजनं

सोमवार, १६ जून

शनिवारी लिहिलं ते चूक. 'सिस्टर वजन भलतंच टाकतात' असं मी लिहिलं होतं. सिस्टर बरोबर टाकतात! चुकतो तो आमचा प्रोग्रॅम.

मुलांच्या वॉर्डात नियम आहे — वजन नेहमी तीन आकडी लिहायचं. बारा किलो म्हणजे ०१२. घाईत कुणाकडून पुढे जास्तीचा आकडा पडू नये म्हणून. त्याच रकान्यात पुढे डोसचं सूत्र. आमचा प्रोग्रॅम तो सगळा मजकूर उचलतो आणि कोड समजून थेट चालवतो. आणि या भाषेचा जुना नियम असा की शून्याने सुरू होणारा आकडा आठाच्या हिशेबात मोजायचा. ०१२ म्हणजे एक आठ आणि वर दोन — दहा! बारा किलोच्या मुलाला दहा किलोचं औषध. आठाच्या हिशेबात आठ-नऊ हे अंकच नाहीत, त्यामुळे आकड्यात आठ किंवा नऊ असेल तर मात्र प्रोग्रॅम तो साधाच धरतो आणि उत्तर बरोबर येतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

ऑफिसात साहेबांना दाखवलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "गुरुवारी रात्री दुरुस्ती चढवू. गुपचूप. शुक्रवारी हॉस्पिटल करार वाढवतंय, वॉर्डात अवाक्षर काढायचं नाही."

तोवर मुलांना औषध कमी पडेल, म्हटलं.

"डॉक्टर रक्त तपासतात ना? झालं तर!" मग सहज विचारल्यासारखं — "तू अजून कायम नाहीस, नाही का?"

मंगळवार, १७ जून

जेवताना बाबांनी विचारलंच, काय झालं म्हणून. ते रंगारी, म्हणून त्यांच्या कामातलं उदाहरण दिलं — घरमालकाने चिठ्ठी दिली आणि तुम्ही काही न तपासता, चिठ्ठीत असेल ते करत सुटलात, तसं आमचं यंत्र करतं.

"चिठ्ठीत भिंत पाड लिहिलं तर?"

"पाडेल."

"आणि असलं यंत्र बनवायला तुला एवढं शिकवलं होय!" पोट धरून हसले. मलाही हसू फुटलं, आणि मग एकदम रडू.

साहेबांनी गप्प राहायला सांगितलंय, हेही सांगितलं. आई हसली नाही. "साहेब सांगतात तसं कर बाई. आपल्यात तू पहिली, टेबलाशी बसून काम करणारी. मागे बघ, दोघी बहिणी उभ्या आहेत." ती रागावली असती तर सोपं होतं.

बुधवार, १८ जून, दुपार

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांचा फोन. पासवर्ड विसरल्या होत्या. साहेब माझ्या खुर्चीमागेच उभे.

फोन ठेवता ठेवता सिस्टर म्हणाल्या, "पोरी, आमचा बारा किलोचा गडी आता मस्त आहे हो! झटक्यांचं औषध रक्तात कमीच यायचं. मग डॉक्टरांनी त्याच्या सूत्रात सव्वापट करून घेतलं. काल जेलीसाठी भांडला माझ्याशी!"

मी "हो का, छान" म्हटलं.

म्हणजे चुकीवर त्यांनी नकळत उतारा काढलाय. आज तो मुलगा ठीक आहे तो आमच्या चुकीमुळेच! दुरुस्ती चढली की ०१२ बरोबर बारा होणार — आणि वर सव्वापट तशीच. हे औषध जरा जास्त झालं तरी मूल ग्लानीत जातं. असे आणखी किती जण असतील?

साहेबांना लगेच सांगितलं. "दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती. ती करायला तूच मागे लागली होतीस ना?"

दुरुस्ती थांबवा, नाहीतर वॉर्डाला आधी कळवा, म्हटलं.

"शनिवारी कळवू."

शनिवारी!

बुधवार, संध्याकाळ

आईला सांगितलं. सगळं. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "त्या पोराची आई तिथेच झोपत असेल ना, खाली चादर टाकून?"

मग माझा डबा भरायला घेतला, उद्याचा — लवकरचा.

उद्या. गुरुवार, १९ जून. सकाळी पाळी बदलताना मोठ्या सिस्टर वॉर्डाच्या दाराशी असतात. ऑफिसच्या आधी तिथे.