धाकटीच्या उंचीची चिमणी

ती. ताईंस,

तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असतं, पण सध्या ते कुठेच ठेवण्यासारखं राहिलेलं नाही. तेव्हा दुरूनच केलेला नमस्कार गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? आमचे थोरले साडू पथ्य सोडून बाकी सगळं अजून वेळेवर पाळतात ना? मी बरा आहे. म्हणजे भुवयांच्या खाली पूर्ण बरा आहे. कपाळावर एक टेंगूळ आहे. ते उतरायच्या आत त्याच जागी दुसरं येतं, त्यामुळे बाहेरच्या माणसाला ते एकच वाटतं.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुमची धाकटी गेल्यावर तुम्ही इथे राहिलात, तेव्हा ओट्यापाशीच मला बजावलं होतंत, की स्वयंपाकघर आता तुमच्या उंचीला लावून घ्या, नाहीतर एक दिवस कपाळमोक्ष होईल. मी लगेच मान डोलावली. (ती शेगडीवरच्या चिमणीला लागली, हे तुम्ही पाहिलंतच.) पण पुढे काही केलं नाही.

ते स्वयंपाकघर मी आखलेलं आहे. घर घेतलं तेव्हा तुमच्या बहिणीला भिंतीशी उभं करून मी तिच्या कोपराची, खांद्याची, हात वर केल्यावर बोटांची मापं घेतली होती. (ती म्हणाली, "शिंपीसुद्धा इतका वेळ लावत नाही हो!") हात लांब केला की मीठ, वळलं की पाणी, एक पाऊल वाया जात नसे. चिमणी तिच्या डोक्यावर बोटभर अंतर ठेवून बसवली. माझं माप घ्यायचं सुचलंच नाही. मी त्या खोलीच्या दारात उभा राहायचो आणि चहा हातात आला की निघायचो. आता मी आत जातो, आणि चिमणी मला ओळखत नाही.

तुम्ही एकदा विचारलं होतंत, हे ऑफिसात नक्की करतात तरी काय, तेव्हा धाकटीने परस्पर सांगून टाकलं होतं, "जहाजं कमी खातील असं बघतात." याहून चांगलं मलाही सांगता येणार नाही. मालवाहू जहाज पाणी कापतं तेव्हा पुढे एक लाट उठते, आणि ती ढकलण्यातच बरंच तेल जळतं. म्हणून आम्ही जहाजाच्या तोंडाशी, पाण्याखाली, एक गोल फुगवटा बसवतो. ऑफिसात सगळे त्याला नाकच म्हणतात. हे नाक पुढे जाऊन आपली वेगळी लाट उठवतं. दोन्ही लाटा अशा भेटतात, की एकीच्या उंचवट्यात दुसरीचा खळगा येतो, आणि पाणी जवळजवळ सपाट होतं. मागचं जहाज त्यातून शांतपणे जातं.

हे मी धाकटीला एकदा जेवताना समजावलं, तर ती म्हणाली, "म्हणजे लग्नाकार्यात मी तुमच्यापुढे चालते, तसं." खरंच होतं ते. ती पुढे होऊन सगळ्यांशी बोलून घ्यायची, कुणाची तब्येत, कुणाची बदली, कुणाचा रुसवा. मी पोचेपर्यंत सगळं निवलेलं असायचं. मला नुसतं हसायचं काम. लोक म्हणायचे, किती शांत माणूस! (हल्ली तेच लोक म्हणतात, शिष्ट आहे.)

आता मूळ गोष्टीवर येतो. माझ्या हातच्या पहिल्या मोठ्या जहाजाचं नाक बदलायचं ठरलं. नाकाची अडचण ही, की ते एकाच वेगासाठी घडवलेलं असतं. त्या काळी मालकांना घाई होती. पुढे तेल महागलं, त्यांनी वेग उतरवला, आणि कमी वेगात ते मोठं नाक लाट मोडत नाही, नुसतं पाण्यात आडवं येतं. ते कापून लहान बसवावं, असा अहवाल ऑफिसने मागवला. तो मीच लिहिला.

आणि मग बैठकीत मीच उभा राहिलो आणि त्या अहवालावर तुटून पडलो! मालकांना उद्या पुन्हा घाई होईल, म्हणालो. समुद्राचा काय भरवसा, म्हणालो. (समुद्राचा इथे काहीच संबंध नव्हता.) एरवी मी बैठकीत "हो" आणि "पाहतो" यापलीकडे जात नाही, त्यामुळे सगळे आदराने ऐकत राहिले. शेवटी आमचे साहेब म्हणाले, "अहो, ज्याला खोडून काढताय त्या अहवालावर सही तुमचीच आहे." जहाजाचे कप्तानही तिथे होते. ते माझ्या कपाळाकडे बघून म्हणाले, "यांनी नवं नाक आधी स्वतःवर बसवून पाहिलेलं दिसतंय." सगळे हसले. मीही हसलो. मग खाली बसलो, आणि अहवाल मंजूर झाला.

ड्राय डॉकमध्ये जहाज कोरडं उभं करून नाक कापलं, त्या दिवशी मी गेलो होतो. ते जमिनीवर आडवं पडलं होतं, तरी माझ्यापेक्षा उंच. मी त्यावर हात ठेवून उभा राहिलो. वेल्डर म्हणाला, "साहेब, फोटो काढू?" मी हो म्हणालो. फोटोत आम्ही दोघेही सुजलेले दिसतो. ताई, ते नाक चुकलेलं नव्हतं. त्या वेगाला दुसरं कुठलंच बसलं नसतं. वेगच राहिला नाही, त्याला नाक काय करणार?

जहाज आता खरोखरच कमी तेलात चालतंय; कप्तानांनी मुद्दाम कळवलं. तेव्हा तुमचं म्हणणं पटलं आहे. जे ज्या वेगाला घडवलं ते त्या वेगापुरतं. पुढे बदलावं लागतं. सुताराला बोलावतो आणि चिमणी वर घेतो.

साडूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटीचा नवरा

ता. क. — सुतार येऊन गेला. तो माझ्याहून उंच आहे. माप घ्यायला वाकला आणि उठताना त्याने सणसणीत आपटून घेतलं. "साहेब, इतकी खाली कुणी बसवली ही?" मी म्हणालो, "मी." तो पुढचं ऐकायला थांबला. पुढचं सांगणारी घरात नव्हती. मग मी त्याला चहा दिला आणि न्हाणीघराची कडी दुरुस्त करायला सांगितली. ती बिघडलेली नव्हती.

आणखी एक — ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. तुमची उंची तिच्याइतकीच आहे. एकदा याल का? ओट्यापाशी उभ्या राहून काहीही करा, नुसता चहा टाकलात तरी पुरे. मी दारात उभा राहीन. ते स्वयंपाकघर मला एकदा चालताना बघायचं आहे. मग सुतार येऊ दे.

शेवटचं — तुमच्या गुडघ्यासाठी स्टूल आणलं होतं. पण त्यावर बसलात तर उंची जुळत नाही, म्हणून परत केलं. तेव्हा गुडघा बरा झाल्यावरच या. घाई नाही. तोवर मी वाकतो.