मॉरिशसच्या वकिलातीचं बंद पाकीट

मी, चुडामण दगडू पाटील, वय एकोणऐंशी, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यानुसार माझं डोकं ठिकाणावर आहे. छातीत धडधडतं, ते आजाराने नाही. कारण कलम चारमध्ये येईल. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट हे कोणी वाचेल या धास्तीने खोलीला आतून कडी लावून बसलो आहे.

१. राहतं घर पत्नी कौसाबाई हिचं. तिच्या हयातीत ते विकायचा विषय कोणी काढू नये.

२. केळीची जमीन व बँकेतली ठेव मुलगा नवनीत याला.

३. माझा टपालसंग्रह मुलगी काजलला. त्यात मॉरिशसहून निरनिराळ्या वकिलातींनी धाडलेली जुनी पाकिटं आहेत, राजमुद्रेची, लाखेच्या सीलची, काही राजदूतांच्या थैलीतून आलेली. मोल अख्ख्या पाकिटाचं असतं. जावई धीरजराव यांनी तिकिटं सोडवायला त्यातली अकरा बादलीत भिजत घातली होती. जावई म्हणून मी तोंड दाबून बसलो. संग्रह त्यांच्या हाती पडू नये. भिंग मात्र त्यांना द्यावं.

४. एक पाकीट माझं नाही.

सन १९८९. मी तापीकाठच्या एका गावी पोस्टमास्तर होतो. गावाचं नाव लिहायची भीती वाटते. तिथला प्रेमचंद मॉरिशसला साखर कारखान्यात कामाला गेला होता. त्याची पत्रं यायची, मग थांबली. पुढे त्याची बायको सरलाबाई हिच्या नावे तिथल्या भारतीय वकिलातीचं रजिस्टर पाकीट आलं. इतकं देखणं पाकीट मी पाहिलं नव्हतं. लोक पाकीट बोटाने टराटरा फाडतात. म्हटलं, एक दिवस ठेवू, वाफेवर अलगद उघडू, पत्र साध्या पाकिटात घालून देऊ. पोचपावतीवर तिच्या जागी मीच अंगठा उठवला. तेवढ्यात ती खिडकीशी आली.

"भाऊ, मन्हा नावनं काही उनं का?"

तोंडातून 'नाही' निघून गेलं. पुढच्या आठवड्यातही तेच. एकदा नाही म्हटल्यावर हो कसं म्हणणार? पाकीट उघडायची हिंमत आजवर झाली नाही. आत प्रेमचंदच्या मरणाची बातमी असेल, तर ती बाई छत्तीस वर्षं माझ्यामुळे कुंकू लावून वाट बघते आहे. आणि तो दवाखान्यात पडून तिला बोलावत असेल, तर? या दुसऱ्या विचाराने मला घास उतरत नाही.

नवनीतने माझ्या तेराव्यानंतर हे पाकीट तिला पोचवावं.

ही वरची ओळ रद्द समजावी. कडी काढून मी हे सगळं कौसाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आन् ती तुमना पह्यले मरनी ते?"

५. (दोन दिवसांनी लिहिलेलं.) काल एसटीने त्या गावी गेलो. सरलाबाई ओट्यावर गहू निवडत होती. सगळं सांगितलं. शिव्या देईल, पोलिसांत जाईल, असं धरून चाललो होतो. तिने पदराला हात पुसून पाकीट घेतलं, उलटंसुलटं केलं. मी विचारलं, "उघडू का?" ती एकदम मागे सरकली. माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

"नको भाऊ, उघाडू नको. छत्तीस वरीस कुकू लायं. आते तूच सांभाय."

पाकीट माझ्या हातात ठेवून ती पुन्हा गव्हाकडे वळली.

सबब ते पाकीट आता तिच्या मर्जीने माझ्याकडे आहे. काजलने ते अल्बममध्ये लावू नये. नवनीतने विकू नये, उघडू नये. जाळूही नये, प्रेमचंद कदाचित जिवंत असेल. मग कोणाला द्यावं, हे मला सुचत नाही. या कलमापुढची जागा कोरी सोडून सही करतो.

चुडामण दगडू पाटील (सही)

साक्षीदार: १. रतिलाल शामजी पटेल (सही) २. रेवजी जात्र्या वळवी (सही)
दोघांनी माझी सही होताना पाहिली. मजकूर मी त्यांना दाखवलेला नाही.

नंदुरबार, १८ नोव्हेंबर २०२५