लेकीची हंडी

छोंगवू,
१५ डिसेंबर १९५६

चि. सौ. सूलान हिस आईचे अ. उ. आ.

हे मास्तरांकडून लिहवून घेते आहे, तेव्हा पोटभर रागावताही येत नाही. तुझ्या भावाची होडी निघून आज अकरा दिवस झाले, अजून पत्ता नाही. मला पाहिलं की बंदरावरच्या बायका जाळ्यात मान घालतात. जीव नुसता टांगणीला लागलाय. बुनहोक जेवायलासुद्धा कधी वेळेवर आला नाही, असं मीच मला समजावते.

थंडीचा सण आठवड्यावर आला. मनगट सुजलंय, तरी तांदळाच्या लाल-पांढऱ्या गोळ्या वळणारच. गोड पाकातल्या गोळ्या नसल्या तर तो घर डोक्यावर घेतो. शहरात काही कानावर आलं तर लपवू नकोस. माया आहेच, उत्तराला उशीर नको.

आई

छ्वानचौ,
२० डिसेंबर

ति. आईस सूलानचा शि. सा. न. वि. वि.

इथे काहीच कानावर नाही. वाऱ्याने होड्या दक्षिणेला लागल्या असतील, असं हे म्हणतात. तू पीठ मळायला बसू नकोस. गोळ्या मीच वळल्यात, ह्यांच्याबरोबर हंडी धाडते आहे. लेकीची हंडी फक्त दुखवट्याच्या घरी जाते, हे मी ह्यांना सांगितलं. पण हे म्हणाले, जुन्या समजुती सोड, आईंचा हात बघ. सासूचा एवढा कळवळा! मला तर हेवाच वाटला. बुनहोक आला की त्याला बेताने वाढ, नाहीतर हंडीसुद्धा चाटून ठेवेल.

असाच जीव लाव.

सूलान

छोंगवू,
२२ डिसेंबर

सूलान, आशीर्वाद.

हे काय करून बसलीस? जावई अख्ख्या गल्लीतून हंडी घेऊन आले. पाण्याचा घोटही घेतला नाही, माझ्याकडे पाहिलं नाही, तसेच गेले. पाठोपाठ शेजारणी रडत दारात. मी ओरडले, माझा मुलगा समुद्रावर आहे, इथे कुणी मेलेलं नाही. मग हंडी उघडली. सगळ्या पांढऱ्या, एक लाल नाही. मला खरं काय ते सांग. तुला माझी शपथ.

आई

छ्वानचौ,
२४ डिसेंबर

आई,

तुझं पत्र ह्यांच्यापुढे ठेवलं. तेव्हा कुठे ह्यांनी खरं सांगितलं. होडी फुटली, कुणी वाचलं नाही, ही खबर ह्यांना आठवड्यापूर्वीच लागली होती. ह्यांना ते ना तुला सांगवलं, ना मला. हंडी पाहून तुला आपोआप कळेल, असं ह्यांना वाटलं. लाल रंग दुकानात मिळाला नाही, असं मला सांगितलं होतं, तेही खोटंच.

मी उद्या पोचते. मला काही ठाऊक नव्हतं गं. माझ्या भावाच्या दुखवट्याच्या गोळ्या मी गाणं गुणगुणत वळल्या.

तुझी सूलान