साहेबांसाठी तोडलेली अबई

दि. ८ डिसेंबर १९८६

ती. तारामतीअक्कास,

धाकट्या श्रीमंतचा जयभीम. इकडे सगळं बरं आहे (पाणी सोडून). देगलूरला कसं चाललंय? भाऊजींचे गुडघे काय म्हणतात? पत्राचं कारण एवढंच, की तू दर थंडीला अबईच्या शेंगांसाठी येतेस, पण यंदा येऊ नकोस. विहिरीनं तळ गाठलाय. पाहुण्याला तांब्याभर पाणी द्यायचं म्हटलं तरी हात आखडतो.

बाकी विशेष म्हणजे पंधरवड्यापूर्वी जिल्ह्याचे साहेब दुष्काळ बघायला आले होते. (लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली, पण आपल्या गावाला तो अजून नवाच आहे, जीप पहिल्यांदाच आली.) आदल्या दिवशी सरपंच आप्पासाहेब गावभर फिरले. दुष्काळ नीट दिसला तरच रोजगार हमीचं काम मिळेल, असं त्यांचं म्हणणं. आपल्या कुंपणापाशी येऊन ते थबकले. साऱ्या शिवारात हिरवं म्हणून तेवढंच, मोरीच्या पाण्यावर तगलेला अबईचा वेल. म्हणाले, "श्रीमंता, ह्यो येल दुष्काळात बसत न्हाई." मग वेल काढण्यात आला. (कुणी काढला ते विचारू नकोस.)

साहेब भला माणूस निघाला. तीन तास उन्हात हिंडले आणि जेवायला बसल्यावर पिठलं बघून म्हणाले, "इकडं अबईच्या शेंगा मिळत नाहीत का? आमची आई करायची." सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "कुठल्या शेंगा साहेब, दुष्काळ लई हाय." साहेबांचा घास हातातच राहिला. रानची अबईसुद्धा उरली नाही, असं त्यांनी डायरीत लिहून घेतलं. काम मंजूर झालं. गाव खूश आहे. मला मात्र भाकर गोड लागेना.

अक्का, बहात्तर साली ह्याच वेलानं आपल्याला जगवलं. तो कुणी लावला नव्हता, कुणी राखला नव्हता. तू शेंगा दोनदा उकळायचीस, दोन्ही वेळचं पाणी फेकून द्यायचीस आणि सगळ्या शेंगा माझ्या ताटात टाकून म्हणायचीस, "मला कडू लागतात." मी दहा वर्षांचा होतो, मला ते खरं वाटायचं.

तुझा,
श्रीमंत

ता. क. वेल मीच तोडला. तुला तोंड कसं दाखवू, म्हणून येऊ नको लिहिलं. विहिरीत अजून दोन परस (दोन माणसं बुडतील एवढं) पाणी आहे.

आणखी एक. पत्र टाकायला निघालो तर कुंपणाशी बुडातून दोन कोंब वर आलेले. आप्पासाहेबांनीही पाहिले, आणि शेळ्या खातील म्हणून स्वतः बाभळीच्या काट्या आणून लावल्या. तेव्हा तू येच. शेंगांना वेळ लागेल, तोवर राहा. पहिली वाटी तुझी, आणि कडू लागतात म्हणायचं नाही.