फॉर्ममधला पहिला प्रश्न

मंगळवार, संध्याकाळ

आज कमलाजींना त्यांचा रिपोर्ट द्यायला घरी गेले. सांवेर रोडच्या दाल मिलमध्ये डाळ चाळणाऱ्या सगळ्या बायकांची फुंक मी आमच्या अभ्यासासाठी मशीनवर तपासली होती. बहुतेकींची फुप्फुसं चांगली निघाली. अभ्यासाचे प्रमुख सर खूश, मी पण.

दारातच खाटेवर त्यांची जेठानी, म्हणजे थोरली जाऊ, पाठीशी चार उशा रचून, बसूनच झोपलेली. आडवं झालं की दम कोंडतो म्हणे. कमलाजी म्हणाल्या, "ये भी हमारे साथ वहीं थी. बरसों."

"मग मला मिलमध्ये कोणी सांगितलं का नाही?"

"मॅडमजी, आप तो काम करने वालों को देखने आई थीं. जिसका दम फूलने लगे, वो तो घर बैठ जाती है ना."

एवढं साधं. मला कसं सुचलं नाही?

जेठानी जागी झाली. पिशवीतलं मशीन बघून म्हणाली, "मैं भी फूँकूँ?" नळी दिली. सवयीने मी ओरडलेच, "और, और, और!" काटा जेमतेम हलला. तिनं विचारलं, "ठीक किया?" मी हो म्हटलं. का म्हटलं?

त्या चार उशा डोळ्यांपुढून जात नाहीत.

आकडा लिहायला फॉर्म काढला होता. पहिलाच प्रश्न: सध्या मिलमध्ये काम करता का? उत्तर 'नाही' असल्यास आभार मानून थांबावे.

प्रश्न मीच लिहिलेला.

मी आभार मानले. थांबले.