दोराला लावलेला हात

आश्विन, मंगळवार, संध्याकाळ

उद्या तळ्यात मोठं जाळं पडणार. मासा अंडी घालतो ते पावसाळ्याचे दिवस आम्हा भोयांच्या पंचांनी तळं बंद ठेवलं, आणि एकाही घराने चोरून गळ टाकला नाही. केवढा अभिमान वाटतो मला याचा! पण वाटणीचा नियम टोचतो. जाळ्याच्या दोराला ज्या घराचा हात, त्याच घराला माशांचा वाटा. आणि दोर धरायचा तो पुरुषांनीच. मग शेजारच्या काशीकाकूने काय करायचं? तिचा नवरा उन्हाळ्यात गेला. घरात दोन लहान मुली.

आज पंचांसमोर बोललेच, काशीकाकूलाही दोर धरू द्या म्हणून. सगळ्यांत थोरले सुदामकाका हसले. "बी.ए. झाली पोरगी, आता आमाले जाळं ओढाले शिकवून राहिली!"

"शिकवत नाही, काका. काकूसंगं मीच दोर धरते."

"अन् चिखलात पाय घसरला म्हंजे?"

"घसरीन. तुमी घसरत नाही काय?"

बायका पदराआड हसल्या. 'नाही' मात्र कोणी म्हणालं नाही. की ते उद्यासाठी राखून ठेवलंय?

बासोबत घरी आले, आता तो काय म्हणेल? घाबरले होते मी, अमरावतीला परीक्षेतही इतकी घाबरले नव्हते. मग म्हणाला, "ओल्या दोरानं हात सोलते. राख लावून घेजो. काशीले बी दे."

चुलीतली राख चाळून ठेवली आहे, दोघींपुरती. हसू देत. दोर मी सोडणार नाही.